वाचकांचे प्रश्न : एकमेकांच्या सेवेला हातभार

चर्चच्या मंडळीतल्या एकाची सेवा दुसऱ्याने कशी उचलून धरावी, या विषयावर वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीत साठेक कुटुंबे आहेत. तरी शब्बाथ शाळा (मुलांचे रविवारचे वर्ग), गायन, आजाऱ्यांच्या भेटी, सणाची जेवणे हे सगळे त्याच पाच-सहा जणांवर असते. उपासनेनंतर विनंती केली की माना डोलतात, पण पुढच्या रविवारी कोणी येत नाही. मार्च ते मे तर माणूसच मिळत नाही. काय करावे? (रत्नागिरी)

उत्तर : मार्च ते मे माणूस मिळत नाही म्हणून कोणाच्या विश्वासाबद्दल शंका घेऊ नका. त्या दिवसांत आंबा उतरतो, पेट्या भरायच्या असतात, काजू गोळा करायचा असतो. जुलैत लावणी आणि ऑक्टोबरात कापणी. मच्छीमार कुटुंबांचे गणित याच्या उलट असते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि माणसे घरी असतात. बागायतदार, भातशेतीवाले, मच्छीमार, नोकरदार आणि निवृत्त अशा पाच गटांत मंडळीची यादी मांडा. प्रत्येक गटापुढे बारा महिन्यांचे चौकोन आखून ज्या महिन्यात तो गट अडकलेला असतो त्या चौकोनावर फुली मारा. जून-जुलैत आजाऱ्यांच्या भेटी आणि चर्चची डागडुजी मच्छीमारांकडे जाते, तर ऑगस्ट-सप्टेंबरात बागायतदार बऱ्यापैकी मोकळे असतात. पुढे मोहोर येऊ लागला की फवारण्या सुरू होतात आणि त्यांच्यापुढे पुन्हा फुल्या पडतात. निवृत्त मंडळी बारमाही मोकळी दिसतात खरी, पण सगळे त्यांच्याच गळ्यात घालू नका. वर्षभरात तीही थकतात, फक्त बोलून दाखवत नाहीत.

आणखी एक बदल सुचवतो. सुट्टीतली बायबल शाळा आपल्याकडे सवयीने मेच्या मध्यावर ठेवतात, म्हणजे नेमकी आंब्याच्या घाईत. ती जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या. आंबा संपत आलेला असतो, भाताच्या रोपांसाठी तरवा पेरला तरी लावणीला अवकाश असतो, शाळा उघडलेल्या नसतात आणि होड्या बंद असतात. पाऊस एखादा दिवस खाईल, तो धरूनच पाच दिवसांऐवजी सहा दिवस आखा.

आता विनंतीबद्दल. ‘शब्बाथ शाळेला मदत हवी आहे’ या वाक्याला कोणीच उत्तर देत नाही, कारण ऐकणाऱ्याला त्यात आपले आख्खे आयुष्य अडकलेले दिसते. काम, दिवस, वेळ आणि शेवट सांगा : ‘जूनचे चार रविवार, सकाळी साडेआठ ते साडेनऊ, आठ ते दहा वर्षांची बारा मुले. धडा बाई शिकवतील, तुम्ही फक्त रंगकाम करून घ्यायचे. २८ तारखेनंतर तुम्ही मोकळे.’ हेही व्यासपीठावरून नको. ज्याच्याकडून काम हवे त्याच्या घरी जाऊन सांगा. व्यासपीठावरून फक्त आभार मानावेत.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून पाहा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार आली. मग जे सात जण निवडले त्या सगळ्यांची नावे ग्रीक आहेत. ज्या बाजूने तक्रार आली, बहुधा त्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. तुमच्याकडे सणाच्या जेवणाला जो दरवर्षी नावे ठेवतो, त्याच्या हाती पुढच्या नाताळची सामानाची यादी द्या. त्याच्याकडे बारीक नजर असते. आजवर तिला काम मिळालेले नसते, इतकेच.

मुलांच्या वर्गात मदतनीस घेताना मात्र घाई नको. वर्गात नेहमी दोन प्रौढ असावेत, आणि ते नवरा-बायको किंवा एकाच घरातले नसावेत. दार उघडे असावे. मंडळीत किमान सहा महिने नियमित येणाऱ्यालाच घ्यावे, आणि मुलांना एकट्याने घरी सोडण्याचे काम कोणालाच देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हाही गुन्हा आहे. ‘समितीत मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

प्रश्न : आमचे पेटीवादक शस्त्रक्रियेसाठी तीन महिने मुंबईला जात आहेत. दुसरा मुलगा जेमतेम वाजवतो. पावसाळाही तोंडावर आला आहे. (वेंगुर्ले)

उत्तर : पेटीवादक जाण्याआधी त्यांच्याजवळ दोन तास बसा आणि वही करा. प्रत्येक गीताला एक ओळ : गीताचा क्रमांक, पट्टी (म्हणजे कोणत्या सुरापासून गायचे), ठेका, किती कडवी म्हणतात, ध्रुवपद कुठे दोनदा येते आणि शेवट कुठे होतो. जुन्या वादकाच्या बोटांत हे सगळे असते, कागदावर मात्र काहीच नसते. नवा मुलगा सुरांना चुकत नाही; तिसऱ्या कडव्यानंतर मंडळी थांबणार की चौथे घेणार हे माहीत नसल्याने तो गडबडतो. तीन महिन्यांसाठी पंधरा गीते पुरतात. पाळकांना विनंती करा की त्या पंधरांतूनच निवडावे, आणि निवड बुधवारपर्यंत कळवावी.

पट्टीवरून नेहमी वाद होतो. पुरुषांना काळी एक-दोन बरी वाटते, बायकांना काळी चार-पाच. गीतातला सर्वांत उंच सूर कुठे लागतो तो आधी शोधा. तो बहुसंख्य बायकांना न ओरडता लागला की ती पट्टी ठरली; पुरुष खालच्या सप्तकात म्हणतील. मुलाची बोटे पांढरी एकवरच बसलेली असतील आणि पेटी स्केल चेंजरची असेल, तर पट्टी सरकवून घ्या, बोटे तीच राहतील. त्यात कमीपणा नाही. तबलजीला मात्र ही पट्टी आधी सांगा, नाहीतर ऐन उपासनेत तबला जुळवायची हातोडी सुरू होते.

पावसाळ्यात दमट हवेने पेटीचे लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात. त्यात तेल घालू नये; तेलाला धूळ चिकटते आणि दुखणे वाढते. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यात दोनदा दहा मिनिटे तरी वाजवा. बंद पेटीत झुरळ आणि कसर लवकर शिरते. तबल्याची पुडी दमटपणाने सैल पडून सूर उतरतो. ती चुलीवर किंवा हॅलोजनसमोर शेकू नका, शाई तडकते. कापडी पिशवीत ठेवा आणि उपासनेआधी अर्धा तास बाहेर काढून सूर लावा. पेटी बंदच पडली तर मोबाईलवर तानपुऱ्याचा सूर लावून मंडळीने गावे. रेकॉर्ड केलेले गीत लावून ऐकत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

प्रश्न : मी अकरा वर्षे महिला मंडळाची प्रार्थनासभा चालवते. पाय दुखावला म्हणून एका बहिणीला दोन महिने मदत करा म्हटले. आता दिवस तिने बदलला, जागा तिने बदलली. बोलले तर म्हणतील, हिला पदाचा मोह. (सावंतवाडी)

उत्तर : मोह वगैरे काही नाही. दोन महिने संपले की नाही, हा साधा प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्या बहिणीच्या घरी जा, चहा घ्या, आणि म्हणा, ‘ताई, तुम्ही सांभाळलंत म्हणून सभा टिकली. पुढच्या महिन्यापासून मी येते. नव्या जागेचा फायदा झाला असेल तर ती ठेवू, पण दिवस पूर्वीचा करू, कारण लांबच्या बायकांना तोच जमतो.’ त्यांनी केलेल्या बदलांपैकी एखादा चांगला असेल तर तो खुल्या मनाने ठेवा.

मदत करणाऱ्यांसाठी चार शब्द. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना काठी घेऊन उंच धरलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. काठी मात्र त्यांनी मागून घेतली नाही. दुसऱ्याची सेवा सांभाळताना दिवस, जागा, क्रम आणि पैसे यांपैकी काहीही मूळ माणसाला विचारल्याशिवाय बदलू नये. सुचलेले वहीत लिहून ठेवा, परत देताना वही द्या.

प्रश्न : भर पावसात मंडळीत मृत्यू झाला की धावपळ उडते. कबर खणणारे मिळत नाहीत, मिळाले तर कबर पाण्याने भरते. दफनाच्या सेवेसाठी तरुण संघ तयार आहे. त्यांना काय काय शिकवावे? (दापोली)

उत्तर : तरुण संघाला या सेवेसाठी तयार करणे ही उत्तम कल्पना आहे, कारण इथे हात आणि डोके दोन्ही लागतात. कामे पाच जणांत वाटा : कबर, शवपेटी, कागदपत्रे, पाहुणे आणि पाळकांशी संपर्क. प्रत्येक कामाला एक मुख्य आणि एक बदली माणूस ठेवा. घरच्यांनी एकालाच फोन करायचा. तो बाकीच्या चौघांना कळवील.

कबरीचे सांगायचे तर, आधी जमीन ओळखा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वीतभर मातीखाली जांभा दगड लागतो. तिथे टिकाव चालत नाही, पहार आणि छिन्नी-हातोडा लागतो. चौघे आलटून पालटून लागले तरी दिवसाचा मोठा भाग जातो. म्हणून दफनाची वेळ जाहीर करण्याआधी कबर कुठपर्यंत आली ते विचारा. किनाऱ्याजवळच्या वाळूत खणणे सोपे, पण कडा ढासळतात. तिथे दोन्ही लांब बाजूंना फळ्या उभ्या करून मध्ये आडव्या टेकणी द्या. काढलेली माती कडेपासून किमान दोन फूट लांब टाका. पावसात कबर ढासळते ती बहुतेक वेळा त्या ओल्या मातीच्या ढिगाच्या वजनाने. वर ताडपत्री बांधा, आणि वरच्या बाजूने येणारे पाणी वळवायला वीतभर खोल चर काढा. कबरीच्या तळाशी एका कोपऱ्यात घमेल्याएवढा खड्डा घ्या. पाणी तिथे जमते, तिथूनच बादलीने किंवा छोट्या पंपाने उपसा. पेटी येईपर्यंत उपसा थांबवू नका. पाण्यावर पेटी तरंगली तर घरच्यांना ते जन्मभर विसरता येत नाही.

मापे घेताना मृतदेहाची लांबी टाचेपासून नव्हे, पायाच्या ताणलेल्या बोटांपासून घ्या. कबर पेटीच्या बाहेरच्या मापापेक्षा चारही बाजूंनी किमान सहा इंच मोठी हवी, आणि हे माप कड्यांसकट धरायचे. कड्या विसरल्या की पेटी अर्ध्यात अडकते. दोर दोन लागतात. खोली पाच फूट धरली तर खाली-वर दहा फूट, पेटीखाली दोन फूट आणि दोन्हीकडे हातात धरायला तीन-तीन फूट, म्हणजे प्रत्येक दोर किमान १८ फूट. नायलॉनचा दोर ओल्या हातातून निसटतो, जाड सुती घ्या. चौघांनी एकाच्याच आवाजावर सोडायचे. रिकाम्या पेटीत भाताची पोती ठेवून एकदा सराव करून घ्या. विचित्र वाटेल, पण त्या दिवशी हात थरथरत नाहीत.

मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी थांबायचे असेल तर शीतपेटी लगेच सांगा, आणि वीज जाते हे गृहीत धरून जनरेटर कुठून मिळेल तेही विचारून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करायची असते. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला त्याच दिवशी घ्या. चर्चच्या दफन नोंदवहीतले नाव आणि आधार कार्डावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळवा. बाप्तिस्म्याचे नाव एक आणि सरकारी दुसरे असे आपल्याकडे फार घडते, आणि पुढे वारसांना त्याचा त्रास होतो.

पाहुण्यांच्या जेवणाचे महिला मंडळाला सांगायला नको. एवढेच की घरच्यांसाठी तिसऱ्या दिवसानंतरही आठवडाभर एक वेळचा डबा चालू ठेवावा. पहिल्या दोन दिवसांत पाच डबे येतात, चौथ्या दिवशी एकही नसतो.

प्रश्न : पाळकसाहेब चार ठिकाणच्या मंडळ्या पाहतात. आमच्याकडे महिन्यातून दोनदाच येणे होते. उरलेल्या रविवारी आम्ही उपासना चालवू शकतो का? (गुहागर)

उत्तर : चालवू शकता, आणि चालवावी. एकाने सगळे न करता तिघांनी वाटून घ्या : एक क्रम चालवील, एक वाचने आणि प्रार्थना घेईल, एक संदेश देईल. दर वेळी एकाची जागा बदला, म्हणजे वर्षभरात सगळे तयार होतात. संदेश बारा ते पंधरा मिनिटांचा, लिहून काढलेला असावा. सवय नसेल तर पाळकांचाच संदेश लेखी मागवून वाचा. वाचून दाखवणे हे न तयारी करता अर्धा तास बोलण्यापेक्षा शंभरपट चांगले.

प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा पाळकांच्या येण्याच्या रविवारी ठेवा. विवाहाबाबत तर कायदाच आहे : १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विवाह लावण्याचा अधिकार दीक्षित पाळक, परवानाधारक सेवक, विवाह निबंधक अशा ठरावीक व्यक्तींनाच आहे, मंडळीतल्या वडिलांनी प्रेमाने लावलेला विवाह पुढे पासपोर्टच्या खिडकीपाशी अडकतो. कॅथलिक वाचकांसाठी : धर्मगुरू नसताना वचनाची उपासना चालवणे किंवा कम्युनियन देणे यासाठी नेमणूक लागते. नेमणूक झालेला माणूस आजारी पडला म्हणून शेजाऱ्याने ते काम परस्पर उचलू नये.

प्रश्न : तरुण संघासाठी ध्वनियंत्रणा घ्यायची आहे. एक भाऊ दुबईत, एक बहीण कॅनडाची नागरिक. दोघेही पैसे पाठवायला तयार आहेत. इथला एक सदस्य म्हणतो, माझ्या यूपीआयवर गोळा करू. (वसई)

उत्तर : तिघांना तीन वेगळी उत्तरे आहेत. दुबईतल्या भावाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. तरी पासपोर्टची प्रत फायलीत ठेवा. कॅनडाची नागरिक झालेली बहीण, जन्म वसईचा असला आणि तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, २०१० च्या विदेशी योगदान कायद्याप्रमाणे विदेशी स्रोत ठरते. तुमच्या न्यासाकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिचे पैसे घेता येणार नाहीत. ‘भावाच्या खात्यात टाक, तो देईल’ ही पळवाट काढू नका. सदस्याच्या यूपीआयलाही नाही म्हणा. माणूस कितीही सचोटीचा असो, त्याच्या खात्यात आलेला पैसा कागदावर त्याचा असतो. क्यूआर मंडळीच्या खात्याचाच लावा.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल दान नेताना सोबत आणखी माणसे पाठवतो, कोणी दोष लावू नये म्हणून. तुमचे दानार्पणही दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी त्याच दिवशी, चर्चमध्येच मोजावे. पाचशेच्या किती, शंभराच्या किती अशी चिठ्ठी करून दोघांनी सही करावी, आणि रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण भरावी. त्यातूनच परस्पर मंडपवाल्याला देऊन उरलेले भरणे, ही चूक सर्रास होते आणि लेखापरीक्षणात तीच सापडते. ध्वनियंत्रणेसाठी मागितलेला पैसा शिल्लक राहिला तर तो कशासाठी वापरायचा हे आवाहनातच लिहा.

प्रश्न : अंथरुणाला खिळलेल्या सदस्यांना आम्ही सात-आठ जण मिळून भेटायला जातो. घरच्यांना ते नकोसे झाल्यासारखे वाटते. आमचे काय चुकते? (मालवण)

उत्तर : सात-आठ जण, हेच चुकते. दोघे जा. आधी फोन करा, दुपारी एक ते चार टाळा. प्रार्थना दहा मिनिटे, एखादे स्तोत्र, आणि मग घरच्या बाईला विचारा, ‘तुम्हाला कुठे जायचंय का? आम्ही तीन तास बसतो.’ आजाऱ्यापेक्षा त्याची काळजी घेणारीला भेटीची गरज जास्त असते. तिला बँकेत, रेशनवर, कधी नुसते झोपायलाही वेळ हवा असतो.

बसायचे तर थोडे शिकून बसा. दर दोन तासांनी कूस बदलायची असते. टाच, माकडहाड, नितंब इथे लाली दिसली तर ती चोळू नका, त्या बाजूवर झोपवू नका आणि घरच्यांना सांगा. भरवताना आजाऱ्याला बसते करा, आणि नंतर अर्धा तास तरी आडवे करू नका, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. औषध घरच्यांनी लिहून ठेवले असेल तेच, त्याच वेळी द्या. नेताना काय न्यावे हेही विचारून घ्या. आपल्याकडे हाती शहाळे घेतल्याशिवाय आजाऱ्याकडे जात नाहीत, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळ्यातले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. मधुमेह्याच्या घरी खाजा आणि शेवेचे लाडू ठेवून येणे तसेच. त्यापेक्षा धुतलेली जुनी सुती चादर न्या, ती रोज लागते.